गळती

तिसरा मासाही बादलीतून गायब झाला, तेव्हा प्लंबरला घाम फुटला.

बादलीवर टॉवेल होता. टॉवेलवर त्याचा स्वतःचा बूट होता, वजन म्हणून ठेवलेला. पाणी होतं तेवढंच होतं. फक्त बोटाएवढा मासा, जो पाच मिनिटांपूर्वी वाकवलेल्या टाचणीच्या गळाला लटकून वळवळत वर आला होता, तो नव्हता. शेजारी त्याची पाच वर्षांची लेक तळ्याच्या काठावर उकिडवी बसून होती. तिला सगळे बटण म्हणायचे, कारण एकदा तोंड मिटलं की मिटलं. आज दुपारपासून ते मिटलेलंच होतं. मासा लागला की तेवढं उघडायचं, तेही एकाच प्रश्नासाठी.

"आता घरी?"

हा प्रश्न आला की प्लंबर घाईघाईने सामान आवरायला घ्यायचा. वर्षभर बायको लेकीला घेऊन वेगळी राहत होती. आज पहिल्यांदाच तिने पोरीला एकटीला त्याच्याबरोबर सोडलं होतं, पाच वाजेपर्यंत. दारात उभं राहून तिने दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, पोरीच्या बाह्या ओल्या होऊ द्यायच्या नाहीत, लगेच सर्दी होते. दोन, पोर कंटाळली तर पुढच्या रविवारचं विसरायचं, ती जबरदस्ती करणार नाही. प्लंबरची अशी गाळण उडाली, की तो तिथल्या तिथे बोलून गेला, एक मासा पकडू, बाटलीत भरू, की लगेच घरी. पोरीला कंटाळायला वेळच मिळायला नको, असा त्याचा हिशोब. बाटली बायकोच्या हातात ठेवायची, म्हणजे पुढचा रविवार पक्का.

त्याला आता अडीच तास झाले होते, आणि बाटली रिकामी होती.

पहिला मासा गेला, तेव्हा त्याने मनाची समजूत घातली, की उडी मारली असेल. दुसरा गेला, तेव्हा त्याने बादलीवर संशय घेतला. गळती शोधणं हा त्याचा वीस वर्षांचा धंदा. भिंतीला कान लावून आतला पाइप कुठे ठिबकतोय ते सांगणारा माणूस. त्याने बादली डोक्यावर धरून बुडाखालून पाहिली. कडेवरून बोट फिरवलं. पाइपाला गुंडाळतात ती पांढरी टेप काढून बादलीला पोटावर तीन वेढे दिले. पाण्याचा थेंब गळत नव्हता, आणि मासे गळत होते.

थोड्या अंतरावर घडीच्या खुर्चीत एक काका महागडा रॉड लावून बसले होते. सकाळपासून त्यांना काहीच लागलं नव्हतं, त्यामुळे दुसऱ्याकडे बघायला त्यांना भरपूर सवड होती.

"प्लंबर ना तुम्ही?" त्यांनी टेपकडे बघत विचारलं. "नाही म्हणजे, आमच्या टाकीचं काम होतं. पण असू दे."

तेवढ्यात फोन वाजला. बायकोचा मेसेज. कंटाळली का? प्लंबरने "मजेत आहे" असं टाइप केलं, बटणच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुसून टाकलं. मग त्याचं लक्ष तिच्या बाह्यांकडे गेलं. दोन्ही कोपरापर्यंत ओल्या. म्हणजे तेही झालं. त्याने त्या आपल्या शर्टाने पुसल्या. एका पायात बूट, एका पायात चिखलाचा मोजा, अशा अवतारात पुन्हा टाचणीला पावाचा गोळा लावला आणि मनातल्या मनात माशांच्या हातापाया पडायला सुरुवात केली.

चौथा मासा लागला. सगळ्यांत लहान.

"आता घरी?" बटण म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"हो हो, निघालोच," प्लंबर म्हणाला. पोर कधी एकदा सुटतेय म्हणून वाट बघतेय, हे त्याला दिसतच होतं. त्याने मासा बादलीत सोडला, टॉवेल टाकला, बूट ठेवला. आणि पाठ फिरवून दोरा गुंडाळायचं नाटक करत पिशवीत हात घातला. आत उद्याच्या कामाचा नवाकोरा नळ होता, आरशासारखा चकचकीत. तो त्याने मुठीत डोळ्यांसमोर धरला.

नळात आधी वाकडं आभाळ दिसलं. मग काकांचं वांग्याएवढं नाक. मग एक इवलासा हात आला. त्याने बूट उचलून अलगद बाजूला ठेवला, टॉवेल सारला आणि बाहीसकट बादलीत गेला. ओंजळ तळ्यात रिकामी झाली. टॉवेल परत आला. बूट परत आला, आधी होता त्याच दिशेला तोंड करून.

प्लंबर हळूच वळला. रागवायचं त्याच्या मनातही नव्हतं. माझ्याकडचं काहीच नको म्हणाली तर काय, एवढीच धास्ती होती.

"का गं सोडलास?"

बटण दचकली. तिने हात पाठीमागे नेले.

"तूच म्हणालास ना बाबा," ती म्हणाली. "एक मासा मिळाला की लगेच घरी."

काकांनी खुर्चीतूनच विचारलं, सापडली का गळती. पाच वाजायला अजून तास होता. प्लंबरने पिशवीतून पक्कड काढली, वाकवलेली टाचणी नीट सरळसोट केली आणि दोरा पुन्हा पाण्यात टाकला.