बारावी कोंबडी

पांढरे अंगरखे घातलेली माणसं शेजारच्या अंगणातून पोती उचलत होती, तेवढ्यात शालननं खुराड्यातली एक कोंबडी उचलून डालग्यात घातली. डालगं नवऱ्याच्या खाटेखाली सारलं आणि वरून गोधडी सोडली. बाकीच्या अकरा तशाच राहू दिल्या.

खुराडं घराला लागूनच होतं. बाहेरून विटांचं, आणि आत चुलीच्या खोलीत उघडणारं फळीचं दार. बिबट्याच्या भीतीनं सीतारामनंच ते तसं बांधलं होतं, म्हणजे दिवस मावळल्यावर कोंबड्या कोंडायला कुणी बाहेर जायला नको. त्याच भिंतीला त्याची खाट होती. दोन महिने झाले, तो तिथं पडून कोंबड्यांची कुरकुर ऐकत दिवस काढत होता.

तळेगावच्या डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात शालनला बाजूला घेतलं होतं. "आता घरी न्या," एवढंच म्हणाले. तेव्हापासून तो नुसत्या पाण्यावर होता. भात नको, पेज नको. दूध तोंडाशी नेलं की मान फिरवायचा. बोलणंही थांबलं होतं. काल सकाळी कित्येक दिवसांनी त्यानं आपण होऊन तोंड उघडलं, ते कवडीचं नाव काढायला. कवडी म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांची ती कोंबडी.

आणि कालच दुपारी गावात भोंगा लावून गाडी फिरली. धरणाकडच्या एका पोल्ट्रीत रोग निघाला होता. तिकोणा पेठेतली एकूण एक कोंबडी उद्या नेणार, म्हणाले.

"मावशी, आहात का?"

दारात एक तरुण मुलगी उभी होती. तोंडावर मास्क, हातात रबरी मोजे. जनावरांची डॉक्टर, तेजल. काल मोजणीलाही तीच आली होती.

"या मॅडम," शालन म्हणाली आणि तिनं फळी सरकवली. एकेक कोंबडी स्वतःच्या हातानं काढून दिली. शेजारच्या चंपानं पोत्यावर अंग टाकलं होतं, गावभर ऐकू जाईल असा आकांत केला होता. शालनच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

तेजलनं कागद पाहिला. "काल बारा लिहिल्यात मावशी. या अकरा आहेत."

"एक मुंगसानं नेली."

"कधी?"

"आजच. पहाटं."

तेवढ्यात खाटेखालून कवडी बोलली. एकदाच, पण खणखणीत.

तेजल वाकून गोधडी वर करणार, तोच शालननं पुढं होऊन तिचे दोन्ही हात धरले.

"पाया पडते मॅडम. अकरा दिल्या, मी काय बोलले का? एवढी एक ऱ्हाऊ द्या. ह्यांच्यासाठी मागते. माज्यासाठी न्हाई."

"माझ्या हातात नाही हो ते. एक राहिली तरी रोग राहतो. दहा किलोमीटरपर्यंत कोंबड्यांची दुकानंसुद्धा बंद केलीत. तुमच्या एकट्यावर आलंय असं नाही."

"म्हाईत हाय मला. काल पवनानगरपतुर बघून आले."

"मग?"

शालननं नुसतं खाटेकडं पाहिलं. सीतारामनं डोळे उघडले होते. आवाज आला त्या बाजूला तो मान वळवू पाहत होता. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. हात खाटेच्या कडेवरून खाली लोंबला, बोटं डालगं चाचपू लागली.

"कवडी," तो म्हणाला.

तेजल बघत राहिली. "खूप लळा आहे का त्यांना तिचा?"

शालननं मान खाली घातली. "अंड्यातनं निघाली तवापास्नं ह्यांच्याच हातचं खाती."

खोटं नव्हतं ते.

तेजलनं डालगं ओढलं. कोंबडीचा तुरा पाहिला, डोळे पाहिले, पंख उचलून पाहिले. "चांगली आहे अजून," ती स्वतःशीच पुटपुटली. बाहेरून कुणीतरी हाक मारली, "मॅडम, झालं का?" तिनं दाराकडं पाहिलं, पुन्हा खाटेकडं पाहिलं आणि कागदावरचा बाराचा आकडा खोडला.

"झालं," ती मोठ्यानं म्हणाली. मग हळू आवाजात, "उद्या दुपारी मी एकटी येईन. तेव्हा मात्र द्यायची. तोवर दार बंद ठेवा, कुणाला कळू देऊ नका. आणि हात धूत जा."

"उद्यापतुर लय झालं मॅडम. तुमचे उपकार न्हाई फिटायचे."

उंबऱ्यावर तेजल थबकली. तिचे डोळे भरून आले होते. "त्यांच्याजवळच राहू दे तिला," ती म्हणाली आणि झपझप निघून गेली.

गाडीचा आवाज विरेपर्यंत शालन दाराला पाठ लावून उभी राहिली. मग तिनं कडी घातली. खाटेपाशी येऊन ती बसली.

"गेले?" सीतारामनं विचारलं.

"गेले."

"कवडी?"

"हाय. ठिवली त्यांनी."

त्यानं सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. "मग रस्सा पातळच कर," तो म्हणाला. "घट्ट न्हाई उतरायचा."