पहिल्या बेसपर्यंत

“पुन्हा विचारा मला,” थोरला म्हणाला. “त्या दिवशी विचारलंत तसंच.”

रिकाम्या बेसबॉल मैदानावर काका वाकून, फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटवरची माती झाडत राहिले. शहरात त्यांच्याइतका जुना पंच नव्हता, पण असल्या कामासाठी त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. कॅचरही आला होता. हातून चेंडू सुटत नाही म्हणून सगळे त्याला भिंत म्हणायचे. गेल्या मोसमापासून म्हणताना जरा अडखळायचे.

तो शेवटचा चेंडू तिघांनाही पाठ होता. फलंदाज म्हणजे थोरल्याचा सख्खा धाकटा भाऊ. दोन स्ट्राइक झालेले, तीन चेंडू बाहेर गेलेले. आणखी एक बाहेर गेला की चालत जाऊन पहिला बेस फुकट. चेंडू खाली मातीत आला. धाकट्याने बॅट काढली आणि मध्येच आवरली. चेंडू भिंतीच्या हातून निसटला.

बॅट फिरली नाही, म्हणजे चौथा चेंडूही बाहेर, असं काका म्हणाले. भिंतीने दाद मागितली. अशा वेळी पहिल्या बेसजवळच्या पंचाला विचारायचं, कारण बॅट किती पुढे गेली ते बाजूने नीट दिसतं. तो पंच थोरला होता.

त्याने मूठ वर केली. फिरली, म्हणजे तिसरा स्ट्राइक, एरवी बाद. पण चेंडू सुटलेला, म्हणून चेंडू पहिल्या बेसवर यायच्या आत पोचला तर धाकटा अजून वाचत होता. तो जीव खाऊन पळाला आणि निम्म्या वाटेत कोसळला. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. भिंतीने उचललेला चेंडू तिथेच टाकून दिला होता. धाकटा बाद झाला नाही, आणि बेसवरही पोचला नाही.

भावाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून थोरल्याने मूठ वर केली, असं आईचं ठाम मत होतं. तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. परवा बोलली ती एकदाच. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी मैदानाकडे उघडते. रोज दिवेलागणीला तिला कुणीतरी पळत असल्याचं ऐकू येत होतं.

“तू पळायला लावलंस, आता तूच थांबव,” एवढंच ती म्हणाली.

त्या दिवशी आपल्याला खरं काय दिसलं, हे थोरल्याला आता छातीठोकपणे सांगता आलं नसतं. पण आईसमोर असं कसं म्हणणार?

“एक सांगू का?” भिंत म्हणाला. “मी दाद मागायला वळलो, तेव्हा तो निघालाच होता. पळत.”

“पहिल्यापासून उतावळाच तो,” थोरला म्हणाला आणि पहिल्या बेसजवळ जाऊन उभा राहिला.

उजेड उतरला. समोरच्या खिडकीत दिवा लागला आणि दिव्यापुढे आई येऊन उभी राहिली. मग प्लेटपाशी माती करकरली. भिंत दचकून मागे सरला. पावलं रेषेवरून धावत आली, निम्म्या वाटेत धप्पकन थांबली. थोड्या वेळाने पुन्हा प्लेटपासून सुरू झाली.

काकांनी थोरल्याकडे बोट केलं. “फिरली का?”

थोरल्याने दोन्ही हात आडवे पसरले.

“नाही फिरली,” तो मोठ्याने म्हणाला, खिडकीपर्यंत जावं इतकं. “माझं चुकलं. बेस तुझाच आहे. पळू नकोस आता, सावकाश चालत ये.”

पावलं थांबली. या वेळी पडल्याचा आवाज आला नाही. खिडकीत आईने डोळ्यांना पदर लावला.

मग पावलं चालू लागली. सावकाश, पण बेसकडे नाही. ती वळून प्लेटकडे गेली आणि काकांच्या पुढ्यात थांबली. तिथून धाप लागलेला, जरासा चिडलेला आवाज आला.

“खोटं कशाला बोलतोस, दादा? फिरली होती.”

आणि पावलं पुन्हा पळत सुटली.