हरणाऱ्या संघाचा माणूस

इंडियानातल्या आमच्या गावच्या कॉलेजचा बास्केटबॉल संघ हरत सुटला, तसे प्रेक्षक घरीच बसू लागले. म्हातारा व्हर्लिन मात्र एकही सामना चुकवायचा नाही. ओसाड बाकांवरून त्याचा एकट्याचा आवाज घुमायचा, "अहो कोच, पोरं उभी केलीत की खांब पुरलेत? जमत नसेल तर घरी जाऊन कोंबड्या पाळा!"

"एवढा जीव जळतो तर जातोस कशाला?" बायको, आर्डिस, वैतागायची.

"आपलीच पोरं आहेत गं. हरतात म्हणून टाकून द्यायची?"

जानेवारीत असाच एक हरलेला सामना बघून व्हर्लिन घरी आला आणि खुर्चीत बसल्या बसल्याच गेला. दफनाला मोजकीच माणसं होती. ती पांगल्यावर आर्डिसला थडग्यापाशी कोच ब्रॅनिगन दिसला, टोपी हातात धरून उभा. तिचा तोल सुटला.

"तुमच्यापायी रक्त आटवलं त्याने. आता इथे कशाला आलात?"

ब्रॅनिगनला मान वर करवेना.



"काल आम्ही जिंकलो, बाई. तेवढंच त्यांना सांगायला आलोय."