दूध तुटेपर्यंत

पाळकसाहेबांनी हात पुढे केले, पण हर्षालीनं लेकरू दिलं नाही.

कापणीचा सण होता. जुन्नरच्या त्या लहानशा चर्चमध्ये वेदीपुढे तांदळाची पोती, नाचणीची कणसं, भोपळे आणि पाय बांधलेला एक कोंबडा असं सगळं मांडलं होतं. त्याच पायरीवर बाळांचं समर्पण व्हायचं; आई बाळ पाळकांच्या हाती देई आणि ते देवाला वाहिलं जाई. पाळकसाहेबांनी बायबलातला हन्नाचा अध्याय वाचला होता. देवाकडे रडून मागून घेतलेला मुलगा शमुवेल तिनं देवाच्या घरी कसा नेऊन दिला, ते नेहमीसारखं भारावून सांगितलं होतं. आता हर्षालीच्या तान्ह्या आरोहीची पाळी होती.

उपासना संपली की इथल्या वस्तूंचा लिलाव होई. ज्याचा भोपळा तोच पुष्कळदा बोली लावी आणि हसत घरी घेऊन जाई. हर्षालीनं याच पायरीवर स्वराजला दिलं होतं. तिचा पहिला. पुढच्या पावसाळ्यात तो तापानं फणफणला आणि त्यांच्या तळेघर गावाहून दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंत उशीर झाला. त्याला मातीही याच पाळकसाहेबांनी दिली.

मागून कुणी बाई पुटपुटली, देवाला देताना हात आखडू नये गं. मोहितनं, हर्षालीच्या नवऱ्यानं, हळूच तिच्या कोपराला हात लावला. तिची मिठी आणखी आवळली. आरोही रडायला लागली.

"साहेब, हन्नासुद्धा पहिल्या वर्षी गेली नव्हती," हर्षाली म्हणाली. "दूध तुटेपर्यंत घरीच राहिली. माझी अजून पिते."

पाळकसाहेबांनी पान मागं उलटलं. बोट ठेवून वाचत राहिले.

"खरंय," अखेर ते म्हणाले. "आणि ती आली नाही म्हणून देव रागावला, असं इथं कुठं लिहिलेलं नाही. जा बाळ, बस."

बाकावर सासूनं, सारजाबाईंनी, सरकून जागा केली. "ये हितं. लई येळ उभी व्हतीस." नातीकडे त्यांनी हात केले नाहीत. हर्षालीनं ती आजवर कुणाच्याच मांडीवर दिली नव्हती, त्यांच्याही नाही.

आपण प्रार्थना करू या, असं पाळकसाहेब म्हणाले. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. हर्षालीनं आरोहीला उचललं आणि सासूच्या मांडीवर ठेवलं.

"धरा, आई," ती म्हणाली. "मला जरा डोळे मिटायचेत."