उजेडाची बाजू

"अहो, मान वर करा. पावणे एवढ्यात येतील," जयाबाई म्हणाली.

हरिभाऊंनी डोळे ताणले. थेंब पडताच ते कळवळले. काचबिंदूचं हे औषध मिरजेहून येई. ते घातलं की डोळ्यातली बाहुली बारीक होई आणि अंधारातही पसरत नसे. मग आतल्या खोल्यांत हरिभाऊ भिंती चाचपत फिरत.

बाटली तिनं पिठाच्या डब्यात खुपसली. यांच्यात आंधळेपणा रक्तातच आहे, असं निपाणीत कुणीतरी कुजबुजलं आणि पद्मजाची चांगली स्थळं हातची गेली. आता हे बेळगावचं. मुलगा रघुवीर कचेरीत कारकून, निर्व्यसनी. हेही मोडलं तर पोरीला कोण विचारणार? सकाळपासून जयाबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"तुम्ही सोप्यात, उजेडालाच बसायचं. पावण्यांना घेऊन आत यायचं न्हाई," तिनं नवऱ्याला बजावलं.

पाहुणे आले. त्यांना बाहेर कसं बसवावं या विचारात ती असतानाच मुलाचे वडील मारुतीराव म्हणाले, "आत कशाला? हितंच बसूया की. उजेड हाय, वारा हाय."

देवच पावला, असं वाटलं तिला.

पोहे झाले. मुलाच्या आईनं, नागुबाईनं, पिशवीतून सुईदोरा काढला. "पोरी, एवढी सुई ओव बघू. डोळं बघितल्याबिगर आमी सून करत न्हाई."

बश्या उचलता उचलता जयाबाई थबकली. यांच्या कानावर काही गेलं की काय? हरिभाऊ उगाच घसा खाकरत राहिले.

पद्मजानं पहिल्याच झटक्यात सुई ओवली.

"झालं! आमच्या घरात असंच माणूस पायजे," नागुबाई म्हणाली. तिचा चेहरा केवढा उजळला! मारुतीरावांनी लगेच साखर मागवली. शब्द दिला, घेतला. तोंडं गोड झाली. जयाबाईनं पदर डोळ्यांना लावला. आपण भल्या माणसांना फसवलं, याचं वाईटही वाटलं तिला. पण पोरगी उजवली जात होती.

"चला, देवाच्या पाया पडा," म्हणत ती रघुवीरला आत घेऊन गेली. देवघर अंधारंच होतं. तो उंबऱ्याशी थबकला, पाय पुढं टाकेना.

"मामी, जरा हात धरता काय?" तो सरळपणे म्हणाला. "आईनं सांगितलं असंलच की तुमास्नी. काचबिंदूचे थेंब घातले की मला अंधारात काय दिसत न्हाई."