बोटींचा प्रोजेक्ट

"'आम्ही' नको गं. 'मी' म्हण," मास्तर तिसऱ्यांदा म्हणाले.

"मी बोटींच्या तिकिटांची सगळी सिस्टीम बांधली." चिमणीला हसू आलं. "मास्तर, जीभच वळत नाही हो. मी तर स्क्रीनवरच्या बटणांचे रंग बदलायचे."

"निळ्याचं हिरवं केलंस, परत निळं केलंस. हे सांगितलंस तर पाणीसुद्धा विचारणार नाहीत."

खरंच होतं ते. दोघं नोकरीला होती ती कंपनी चार महिन्यांपूर्वी बंद पडली. त्यानंतर चिमणीच्या सात मुलाखती झाल्या, आणि 'आधी काय काम केलंत?' म्हटलं की सातही वेळा तिची बोबडी वळली. घरी आई नुसती वाढता वाढता बघायची. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

शेवटी मास्तरांनीच, कंपनीतल्या सगळ्यात जुन्या इंजिनियरनं, आपलं काम तिला स्वतःचं म्हणून सांगायला देऊ केलं. तीन वर्षांपूर्वीचं. तेव्हा चिमणी नवीन होती, खालच्या मजल्यावर. वर काय चालायचं तिला पत्ताही नव्हता.

"घेऊन टाक," मास्तर म्हणाले. "मला या वयात कोण बोलावतंय?"

मग रोज दुपारी त्यांच्या बाल्कनीत शिकवणी. मास्तर सांगत जायचे आणि चिमणीला अगदी दिसायचं सगळं. धुक्यातून सरकणाऱ्या पांढऱ्या बोटी, धक्क्यावरची माणसं, त्यांच्या मोबाइलवर उमटणारं तिकीट. वाऱ्यानं पडदा फुगला की तिला शीडच वाटायचं. आठवड्याभरात अशी काही तंद्री लागली, की ते काम आपण केलंच नव्हतं हे तिला मुद्दाम आठवावं लागायचं.

"उद्या कुठं आहे मुलाखत?" शेवटच्या दिवशी मास्तरांनी विचारलं.

तिनं कंपनीचं नाव सांगितलं.

मास्तरांनी ते नाव तिच्याकडून परत एकदा वदवून घेतलं.

"तुमची एखादी चूक सांगा, असं विचारतील," ते म्हणाले. "सगळेच विचारतात. तेव्हा चाचपडू नकोस. एक खरीखुरी चूक देतो, पाठ कर."

चूक एवढीशीच होती. सरावाचा डेटाबेस समजून खराच पुसला. बॅकअप घ्यायचा राहिला होता. अख्ख्या हंगामाची तिकिटं गेली.

"बाप रे. मग तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"तू सांगशील की," मास्तर हसले. "आपली चूक कबूल करणारी माणसं आवडतात लोकांना. आणि तिथंही 'मी'च म्हणायचं हं."

दुसऱ्या दिवशी काचेच्या खोलीत समोर एकच बाई होत्या, कंपनीच्या मालकीणबाई. चिमणीनं तोंड उघडलं मात्र, खोली कुठल्या कुठं विरघळून गेली. बोटी सुटल्या. मी आखलं, मी लिहिलं, मी तपासलं. शब्द नुसते पाण्यावर तरंगत चालले होते. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि ऐकतच राहिल्या. आईला फोनवर काय सांगायचं, तेही चिमणीच्या मनात जुळायला लागलं.

"आणि एखादी चूक?" बाईंनी विचारलं.

तीही तिनं सांगितली. एका दमात, कुठंही न अडखळता.

बाई उठल्या. खोलीचं दार लावून घेतलं आणि परत येऊन बसल्या.

"त्या बोटी आमच्या होत्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "सगळ्या विकाव्या लागल्या. तिकिटं कोणी पुसली, ते तुमच्या कंपनीनं शेवटपर्यंत आम्हाला सांगितलं नाही."