पडद्याचा ताबा

फारूकच्या घोटावड्यातल्या दुकानात शबनूरचा लॅपटॉप सुरू होतानाच काळा पडत होता. तासाभरात तिची नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती.

"ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हंजे चित्र दाखवणारा प्रोग्राम, मधेच पडद्याचा ताबा घेतोय," फारूक म्हणाला. "सुरू करताना 'नोमोडसेट' हा आज्ञेचा शब्द लिहिला की त्यो ताबा घेत न्हाई."

"मग ताबा कुणाकडं, फारूकभाई?"

"कुणाकडंच न्हाई." त्यानं शब्द लिहिला, एंटर दाबलं आणि चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला.

पडदा काळाच. त्यात दोघं दिसत होती. आतल्या फारूकनं मात्र चहा बाजूला ठेवला होता आणि तो भराभर टाइप करत होता.

फारूकला आधी स्वतःच्याच हातांचा संशय आला. ते ग्लासभोवतीच होते.

"झालं का, भाई?" शबनूरनं पडद्याकडं बघत विचारलं.

फारूक "न्हाई" म्हणणार, तेवढ्यात त्याच्याच आवाजात लॅपटॉप म्हणाला, "व्हय, झालं."